पाय न दिसणारा घोडेस्वार

मला माणसाचे पाय काढता येत नव्हते. हे आधीच सांगून टाकतो, कारण दीड वर्ष मी ते लपवलं आणि मला वाटत होतं की ते लपलं आहे.

चित्रकलेच्या कुठल्या शाळेत मी गेलो नाही. कोकणातून आलो तो थेट कल्याणच्या बाजारात पाट्या रंगवायला लागलो. अक्षराच्या उंचीवर दर ठरायचा आणि गिऱ्हाईक म्हणायचं, "जरा मोठं काढ की, रंग काय तुझ्या बापाचा जातोय?" मी म्हणायचो, "माझ्याच बापाचा जातोय, म्हणून तर बोलतोय." असल्या भांडणांत माझी दहा वर्षं गेली आणि जे काही शिकलो ते त्या भांडणांतच शिकलो. पाटीवरचा माणूस कमरेपर्यंतच असतो. शिंप्याला कोट दाखवायचा असतो, केस कापणाऱ्याला भांग. पाय कुणी मागितले नाहीत, मी काढले नाहीत. घोडा मात्र शिकलो. स्टेशनबाहेर टांग्यांचा अड्डा होता, काम नसलं की मी तिथं जाऊन बसायचो. उभा राहून कंटाळलेला घोडा मागचा एक पाय कसा सैल सोडतो, माशी बसली की त्याची कातडी कशी थरथरते, हे मला पाठ होतं.

स्वातंत्र्य मिळून तीन-चार वर्षं झाली होती. मी तोवर डोंबिवलीत भातखाचरांच्या कडेला एका चाळीत दोन खोल्या घेतल्या होत्या. ठाण्यातल्या एका छापखानेवाल्यानं साप्ताहिक काढलं होतं, मालक तोच आणि संपादकही तोच. शेवटच्या पानावर चित्रकथा द्यावी असं त्याच्या मनात आलं. त्याच्या छापखान्याची पाटी मी रंगवली होती, पाटीवर हौसेनं एक घोडाही काढला होता, म्हणून त्यानं मला बोलावलं. गोष्ट त्याचा मेहुणा लिहिणार होता. मेहुणा शाळामास्तर.

पानावर आठ चौकटी असायच्या आणि प्रत्येक चौकटीखाली दोन-तीन ओळी मजकूर. पानाच्या माथ्यावर ठळक टाइपात मास्तरांचं नाव. चित्रं कुणाची, हे कुठंच नसायचं. सुरुवातीला मी गप्प बसलो. पाट्यांवर तरी कुठं माझं नाव होतं! पण पाटी एकदा रंगवली की संपली. ही गोष्ट दर आठवड्याला माझ्या हातून पुढं जात होती.

सोमवारी मास्तरांचा मजकूर यायचा, आखीव कागदावर, वळणदार अक्षरात. धाकट्या भावानं कपटानं राज्य बळकावलं आहे आणि थोरला राजपुत्र घोड्यावरून रानोमाळ भटकतो आहे, अशी ती गोष्ट. मास्तर लिहायचे, "राजपुत्राच्या मनात विचारांचं काहूर माजलं." आता काहूर कसं काढायचं, हे मास्तरांनी सांगावं! मी काढायचो घोड्याचा कान, मागं वळलेला. मालक अस्वस्थ झाला की घोड्याला आधी कळतं.

आमच्याकडे तेव्हा वीज नव्हती. सकाळी उन्हं ओट्यावर आली की मी मांडीवर पाट घेऊन बसायचो आणि ऊन सरकेल तसा मीही सरकायचो. ऊन भिंतीवर चढलं की काम बंद. आधी पेन्सिलीनं माणसं उभी करायची, मग काळी शाई आणि बारीक ब्रश. चित्र छापायच्या दुप्पट काढायचं. छपाईसाठी धातूचा ब्लॉक करताना ते निम्म्यावर येतं आणि हाताची थरथर त्यात बुजून जाते. खोटेपणा मात्र बुजत नाही, तो लहान होऊन जास्त टोचतो.

सगळ्यात जास्त वेळ लागायचा तो काय काढायचं नाही हे ठरवायला. एकदा पहिल्या चौकटीत राजपुत्र नदीच्या अलीकडे होता आणि दुसऱ्या चौकटीत पलीकडे, केस ओले. पान पुरं झाल्यावर माझ्या लक्षात आलं, नदी ओलांडली कुणी? मी काढली नव्हती, मास्तरांनी लिहिली नव्हती. दोन चौकटींच्या मधे पांढरी पट्टी असते, तिथं वाचकानं ओलांडली. कुठला कोण माणूस, ज्याला मी कधी पाहिलेलं नाही, तो माझ्या पानावर येऊन माझं अर्धं काम करून जातो! मी ब्रश खाली ठेवून नुसता बसून राहिलो.

बायको आतून बाहेर आली. "अहो, बरं वाटत नाही का?"

"नदी ओलांडून झाली," मी म्हणालो.

"मग आता बाजारात जाऊन भाजी आणा," ती म्हणाली.

त्या दिवसापासून तो वाचक माझ्या डोक्यात बसला. आणि तो बसला तसं नावाचंही बसलं. मास्तरांना पत्रं येत होती. 'आपल्या लेखणीत जादू आहे.' 'आपला राजपुत्र डोळ्यांपुढे उभा राहतो.' अरे, डोळ्यांपुढे मी उभा केला! एक दिवस पान घेऊन ठाण्याला गेलो आणि संपादकाच्या टेबलावर आपटलं.

"माझं नाव पाहिजे."

"अहो, बसा तरी."

"बसत नाही. मास्तरांच्या नावाच्या खाली, त्याच टाइपात."

"दर वाढवून देतो. नावाचं सोडा."

"दराचं मी पुढच्या महिन्यात भांडणार आहे. आज नावाचं."

तो खुर्चीत मागं रेलला. माणूस वाईट नव्हता, पण मिठ्ठास होता आणि मिठ्ठास माणसाचा मला फार राग येतो. "हे बघा," तो म्हणाला, "वाचक वाचतो ते शब्द. चित्रं म्हणजे वरून भुरभुरलेली कोथिंबीर. छान दिसते, पण कोथिंबिरीसाठी कुणी जेवायला येत नाही."

माझं डोकं फिरलं. मी काय बोललो ते इथं लिहीत नाही, पण पलीकडे टाइप जुळवणारा कंपोझिटर हातातला टाइप तसाच धरून बघत राहिला. संपादक हसत होता. शेवटी म्हणाला, "एक वाचक आणा. फक्त एक. मास्तरांच्या शब्दांसाठी नाही, तुमच्या चित्रांसाठी पान घेणारा. आणलात तर नाव छापतो."

मी कंपोझिटरकडे वळलो. "ऐकलंस ना? हे काय म्हणाले, मोठ्यानं सांग." त्यानं घाबरत घाबरत ते पुन्हा म्हणून दाखवलं. साक्षीदाराशिवाय मी सौदा करत नाही.

वाचक शोधणं सोपं नव्हतं. मी डोंबिवलीत विचारलं, कल्याणच्या माझ्या जुन्या गिऱ्हाइकांना विचारलं. मोहने गावातला एक ओळखीचा म्हणाला, "चित्रं बघतो की. आधी वाचतो, मग बघतो." सगळ्यांचं तेच. आधी वाचतो. महिनाभर मी हिंडलो आणि कोथिंबीर होऊन परत आलो.

तो वाचक मला मिळाला तो एका वाण्याच्या दुकानात. माजिवड्याच्या वाटेवरच्या त्या वाण्यानं नव्या पाटीसाठी मला बोलावलं होतं. आमची घासाघीस चालू असताना एक बाई गूळ घ्यायला आली. चाळिशीची असेल. लुगड्याचा काष्टा गुडघ्यापर्यंत खोचलेला, पोटऱ्यांवर सुकलेल्या मिठाचे पांढरे ओघळ. खाडीच्या अंगाला मिठागरं होती, तिथं कामाला असणारी आगरी बाई. वाण्यानं रद्दीचा कागद फाडून गूळ बांधायला घेतला.

"यो नको," ती म्हणाली. "घोरेवाला दे."

"बाई, तू गूळ घ्यायला आलीस का घोडा?"

"दोनी."

"कागदाचं काही घेत नाही मी तुझ्याकडून, वर निवड करतेस?"

"गूल निवडून घेतंय, मंग कागूद का नको?"

वाण्यानं वैतागून गठ्ठा उपसला आणि माझं पान काढलं. चार महिन्यांपूर्वीचं. त्यात तो गूळ ठेवायला लागला तसा तिनं त्याचा हात धरला. "त्याच्यात नको बांदू. गूल दुसऱ्यात बांद. यो असाच दे." हात पदराला दोनदा पुसून, मिठाचा ओलावा कागदाला लागू नये म्हणून फक्त कडेला धरून, तिनं ते पान घेतलं. मी पाटीचं विसरून तिच्याकडे बघत राहिलो.

"मावशी, हा कागद कशाला?"

"भित्तीला लावाया."

"तुला वाचता येतं?"

"मना? नाय."

"मग कळतं कसं?"

तिनं माझ्याकडे असं बघितलं, जणू मी दिवसाढवळ्या सूर्य कुठं आहे म्हणून विचारतोय. "त्यात वाचायचं काय हाय? दिसतंय ना."

मी काही न सांगता तिच्या मागोमाग निघालो. वाटेत तिनं एकदा वळून विचारलं, "तू सरकारी हायस का?" मी नाही म्हटलं. "मंग ये."

मिठागराच्या बांधावर तिचं खोपट होतं. कुडाच्या भिंतीवर तांदळाच्या पेजेनं चिकटवलेली माझी पानं होती, तीस तरी असतील, एकाला एक लागून. आठवड्यांचा क्रम कुठंच नव्हता. वाण्याच्या गठ्ठ्यातून जशी निघाली तशी ती भिंतीवर चढली होती. मधली कितीतरी नव्हतीच. काहींवर तेलाचे डाग होते, एकावर हळदीचा. खालचा मजकूर तिनं बहुतेक पानांवरून कापून टाकला होता. उगाच जागा खातो म्हणाली.

"सांग बघू काय आहे ते," मी म्हणालो.

ती दारापासून सुरू झाली. एका चौकटीवर बोट ठेवायची, सांगायची, पुढं सरकायची. जिथं पान नव्हतं तिथं क्षणभर डोळे मिटून थांबायची, आणि त्या न पाहिलेल्या पानात काय झालं असेल तेही सांगून मोकळी व्हायची. मी ती पानं काढली होती, तिनं पाहिली नव्हती, पण तिचं सांगणं ऐकताना मला माझीच पानं आठवेनात. तिचीच खरी वाटायला लागली.

"आनि हितं त्याला समाजलं," ती म्हणाली, "का आपुन मेलोय."

"कोण मेला?"

"घोरेवाला."

"तो कुठं मेलाय? कधी मेला?"

"पयल्यापासून मेलाय. तुना दिसत नाय?" तिला माझी कीव आली असावी. "बग. त्याचे पाय दाव मना."

मी भिंतीकडे बघितलं. राजपुत्र गवतात उभा होता. राजपुत्र धुक्यात होता. राजपुत्र नदीत होता, भिंतीआड होता, धुराआड होता, घोड्यापलीकडे होता, आणि काहीच नसेल तिथं चौकटीच्या खालच्या कडेनं त्याला पोटरीपासून कापला होता. दीड वर्षाची माझी चलाखी तिनं एका बोटानं उघडी पाडली.

"पाय झाकतो कोन? ज्याचे उलटे हान तो," ती म्हणाली. "आमी सगल्या पयल्यांदा पायच बगतो. दिसभर मिठात उभं ऱ्हातो ना, मानसाचे पाय बगितले का त्याचं सगलं कलतं. याचे दिसंचनात. मंग मी बोललू, यो मेलेला हाय, आनि त्याला ठाव नाय. म्हनून त्याची आय खिरकीतून बगते पन त्याला बगत नाय."

ती चौकट मला नीट आठवत होती. राणीची नजर मला राजपुत्रावर लावायची होती, पण बुबुळ केसभर चुकलं. दुरुस्त करायला वेळ नव्हता, तशीच दिली होती.

"आनि त्यानं कवा काय खाल्लं?" तिनं विचारलं. "येवढं रान फिरला, कुनाकरं भाकर मागितली? नाय. जित्या मानसाला भूक लागते."

मास्तरांनी दीड वर्षात त्याला एकदाही जेवू घातलं नव्हतं. ते विसरले होते. मीही विसरलो होतो. आम्हा दोघांच्या हातून जे जे निसटलं होतं ते ते वेचून या बाईनं एक गोष्ट उभी केली होती. मेल्याचं न कळलेला एक माणूस आपलं घर शोधत फिरतो आहे. ती मास्तरांच्या गोष्टीपेक्षा चांगली होती. माझ्या चित्रांपेक्षाही. मी आयुष्यात पुष्कळ ठिकाणी ताठ मानेनं उभा राहिलोय, अंगावर आलेल्या गिऱ्हाइकासमोरसुद्धा. त्या खोपटात मात्र मला आपोआप चपला काढून ठेवाव्याशा वाटल्या, आणि ठेवल्या.

"मावशी, हे मी काढतो," मी म्हणालो.

तिनं माझ्या हातांकडे बघितलं. नखांत शाई होती. "तू काढतोस? मंग मना कशाला इचारतोस? तुना तं ठावच असंल."

मला ठाऊक नव्हतं, हे मी तिला सांगू शकलो नाही.

संपादकाकडे यायला ती लगेच तयार झाली नाही. "मी येते, पन मना काय देशील?" मी एक घोडा काढून देतो म्हटलं. ती म्हणाली, दारावर, दोन्ही फळ्यांवर मिळून, आणि मागचा पाय सैल सोडलेला. आयुष्यात पहिल्यांदा मी पहिल्याच बोलीत कबूल झालो.

मिठागराच्या सुट्टीच्या दिवशी ती धुतलेलं लुगडं नेसून आली. छापखान्यात शिरल्यावर संपादक तिच्याकडे आणि मग माझ्याकडे बघून हसला. "ही वाचक?"

"हो. विचारा तिला."

"बाई, आमचं साप्ताहिक घेतेस तू?"

"गुलाच्या बरबर घेते," ती म्हणाली. कंपोझिटर फिस्सकन हसला.

"अहो, हिला घोडे आवडतात," संपादक मला म्हणाला. "घोडे कोणीही काढील." त्यानं खण उघडला आणि टेबलावर तीन पानं मांडली. दोन माझी होती. तिसऱ्यावर तोच राजपुत्र होता, तोच घोडा, तशाच आठ चौकटी, पण ते मी काढलेलं नव्हतं. माझ्या लक्षात यायला वेळ लागला. मी नावासाठी महिनाभर वणवण करत होतो आणि हा गृहस्थ इकडे दुसऱ्या चित्रकाराकडून माझीच नक्कल काढून घेऊन खणात ठेवत होता. कान तापले माझे. पण मी काही बोलायच्या आत तिनं हात पदराला पुसले, तिन्ही पानांवर वाकली, आणि तिसरं पान एका बोटानं बाजूला सारलं.

"यो जिता हाय," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"याचे पाय हान. पायांत जोरं घातलेत. यो आमचा न्हवं."

बाजूला छपाईचं यंत्र चालू होतं. ते कुणीतरी बंद केलं. संपादकानं तिला परत विचारलं, तिनं परत तेच सांगितलं, आणि मग विचारलं नव्हतं तरी राणीच्या नजरेचं, भाकरीचं, सगळं सांगितलं. संपादकाचं हसू हळूहळू जागच्या जागी विरलं. मला वाटतं त्यालाही क्षणभर माझ्यासारखंच वाटलं असावं. पण तो मास्तरांचा मेहुणा होता. मान हलवून म्हणाला, "ठीक. नाव छापतो. शब्द दिला होता. पण एक अट. माझ्या अंकातला राजपुत्र भूत आहे असं गावभर होता कामा नये. पुढच्या पानापासून त्याचे पाय दिसले पाहिजेत."

"दिसतील," मी म्हणालो.

बोलून गेलो खरा, पण घरी येऊन बसलो तेव्हा घाम फुटला. नाव येणार होतं आणि त्याच पानावर पाय येणार होते. आजवर पान चुकलं तर ते कुणाचंच नव्हतं. आता चुकलं तर माझं.

तीन दिवस मी मिठागरावर जाऊन बसलो. आधी तिच्या दारावर घोडा काढला, कबूल केल्याप्रमाणे. मग बांधावर बसून पाय बघितले. माणसं उथळ खारट पाण्यात उभी राहून लांब दांड्याच्या फावड्यांनी मीठ ओढत होती. मी समजत होतो, पाय म्हणजे माणसाच्या खालचा भाग, बूट घालायचा. इथं माणूस पायांपासून सुरू होत होता. टाचांना भेगा पडलेल्या आणि भेगांत मीठ बसलेलं, बोटं फाकलेली, चिखल धरून ठेवणारी. ओझं डोक्यावर येतं त्याच्या आधी अंगठा जमिनीत रुततो. डोक्यावर टोपली घेतलेली म्हातारी निसरड्या बांधावरून चालताना आधी अंगठ्यानं जमीन विचारते आणि मग अंग टाकते. एवढी वर्षं मी चेहरे काढत होतो! चेहरा काय, खोटं बोलायला शिकलेला असतो. तिसऱ्या दिवशी माझ्या हाताला पाय यायला लागले. मावशी येऊन बघून गेली. "आता बसला," म्हणाली. तिच्या शाबासकीनं मला जितका आनंद झाला तितका नंतर कशानं झालेला नाही.

मग पानाची वेळ आली. मास्तरांनी लिहिलं होतं, राजपुत्र आपल्या नगरीच्या वेशीपाशी येऊन घोड्यावरून उतरतो आणि मातीला वंदन करतो. सोपं होतं. आता पाय येत होते, दोन सरळ पाय काढायचे, खाली माझं नाव. पण सरळ पाय काढले की भिंतीवरची तीस पानं खोटी पडणार होती. ती खिडकी, ती न मागितलेली भाकर, मधली न पाहिलेली पानं, सगळं. मी ज्याला दीड वर्ष डोक्यात घेऊन बसलो होतो तो वाचक मला मिळाला होता, आणि मी त्याला पहिलीच गोष्ट सांगणार होतो ती ही, की तुझं सगळं चुकलं.

संपादक म्हणाला होता, पाय दिसले पाहिजेत. कुठल्या दिशेला, हे आमच्यात ठरलं नव्हतं.

शेवटच्या चौकटीत राजपुत्र वेशीकडे तोंड करून उभा राहिला, आणि त्याच्या टाचा वेशीकडे, बोटं आपल्याकडे. घोटा, नस, अंगठ्याचा जोर, सगळं जसं शिकलो तसं. संपादकानं पान घेतलं, मजकूर ताडून बघितला, पाय आहेत हे बघितलं आणि ब्लॉकला पाठवलं. शब्दांचा माणूस तो.

अंक निघाला. माथ्यावर मास्तरांचं नाव आणि खाली माझं, त्याच टाइपात. मी तो अंक वाण्याच्या रद्दीत जायची वाट न बघता थेट मिठागरावर नेला. मावशीनं हात पुसले. नावावरून तिची नजर नुसती घसरून गेली. शेवटच्या चौकटीवर आली आणि थांबली. तिनं बाहेर जाऊन हाक मारली. पाण्यातून बायका आल्या, सात-आठ, ओल्या पायांनी, दारात गर्दी करून वाकल्या. मग त्यांच्यातली सगळ्यात म्हातारी होती तिनं डोक्यावर पदर घेतला.

"त्याला समाजलं," ती म्हणाली. "आता सुटंल बिचारा."

मी बाहेर बांधावर येऊन उभा राहिलो. मला तिथं थांबवेना.

पुढच्या आठवड्यात पत्रं आली. टिटवाळ्याच्या एका वाचकानं विचारलं होतं की चित्रकार शुद्धीवर असतो का. कल्याणच्या एका शिक्षकानं कळवलं होतं की आपल्या चित्रकारास शरीररचनेचं प्राथमिक ज्ञानही नाही. मास्तर येऊन आरडाओरडा करून गेले. संपादकानं मला बोलावलं. तो चिडला नव्हता, हेच मला जास्त लागलं.

"चूक झाली असं म्हणा," तो म्हणाला. "मी दोन ओळींचा खुलासा छापतो. 'चित्रकाराच्या नजरचुकीने पावले उलटी आली, क्षमस्व.' नाव राहील. मी मास्तरांना समजावतो."

"नजरचूक नाही."

"अहो, मला माहीत आहे नाही ते! मी ऐकलंय सगळं त्या बाईच्या तोंडून. पण दोन ओळी आहेत. कोण लक्षात ठेवतो? या नावासाठी तुम्ही माझ्या टेबलावर पान आपटलं होतंत."

"आठवतंय."

"मग?"

घासाघीस करायला मी कधी मागं हटत नाही. त्या दिवशी मला बोलीच सुचेना. त्या दोन ओळी मिठागरावर कुणी वाचणार नव्हतं, हे खरं होतं. मावशीनं त्या कापूनच टाकल्या असत्या. पण त्या दोन ओळींच्या वर माझं नाव असणार होतं.

"चूक नाही," मी म्हणालो. "मी तसेच काढले."

"मग नाव जाईल."

"जाऊ दे." आणि मग इतका वेळ दाबून ठेवलेला राग आला तो आला. खणातल्या त्या तिसऱ्या पानाबद्दल मी त्याला जे सुनावलं ते पार रस्त्यापर्यंत ऐकू गेलं असेल. तो ऐकून घेत राहिला. कंपोझिटरनं आधीच माझ्या नावाचे टाइप उचलून खणांत परत टाकायला सुरुवात केली होती. एकेक अक्षर टक टक पडत होतं.

त्या शुक्रवारी पानाच्या माथ्यावर एकच नाव होतं. गोष्ट पुढं तीन महिने चालली, मास्तरांनी राजपुत्राला गादीवर बसवलं, आणि चित्रं मीच काढली, कारण तो दुसरा चित्रकार घोड्याला गुडघे उलटे काढत होता. एवढी वर्षं झाली, तो संपादकही गेला, पण त्या छापखान्यावरून जाताना माझी मूठ अजून वळते. मला ते नाव हवं होतं. आजही हवं आहे. पण ते पाय मी सरळ काढणार नाही.